जवस, शेवाळ आणि थंडी

पौष महिन्यातील एखाद्या पहाटे पांढुर्ण्याच्या एखाद्या जुन्या घरातील फडताळ उघडून पाहावे. वरच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली असते. ती उलटी केली तरी तिच्यातून थेंब पडत नाही. तेल पांढरेशुभ्र होऊन थिजलेले असते आणि घरातील मुले ती बाटली चुलीजवळ नाहीतर कोवळ्या उन्हात नेऊन ठेवतात. घरात जवसाचे तेल येत असेल तर त्याचीही बाटली तिच्या शेजारीच उभी असते. त्या तेलावर थंडीचा काहीच परिणाम झालेला दिसत नाही. वैशाखात ते जसे धारेने पडते तसेच पौषातही पडते. दोन्ही तेलेच, दोन्ही वनस्पतींचीच. मग एक थिजते आणि दुसरे थिजत नाही, हे कसे? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या उत्तरात सौंसरच्या शेतकऱ्याचे, तळ्यातील शेवाळाचे व आजच्या तापत्या हवेचे असे तिन्ही धागे एकत्र गुंफलेले आहेत. त्या उत्तराचा सारांश इतकाच की, तेलाचा गुण केवळ बियाण्यावर ठरत नाही. ते बी ज्या हवेत, ज्या पाण्यात आणि ज्या जमिनीत पोसले जाते त्यांवरही तो ठरतो.

पांढुर्णा व सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा मुलूख. डोंगर ओसरतो तेथे काळी जमीन सुरू होते. जाम नदी पांढुर्ण्याहून वाहत जाते व पुढे तिचे पाणी कन्हानला मिळते. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा हे गाव सौंसर तहशिलीत मोडत असे, आणि सौंसर तहशील छिंदवाडा जिल्ह्यात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्याच्या व जिल्ह्याच्या सीमा अशा बदलत गेल्या. घरातील बोली आणि ताटातील अन्न मात्र नागपूर-वऱ्हाडकडचेच राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे आणि संत्र्यांच्या बागांमुळे ह्या भागाचे नाव दूरवर गेले आहे. जवसाचे नाव मात्र त्याच्याशी कोणी जोडीत नाही. कारण जवस हे मिरविणारे पीक कधी नव्हतेच.

नागपूरकडच्या काळ्या जमिनीत जवस रब्बीचे म्हणून पेरीत. पाऊस उघडला, जमीन वापशावर आली की ऑक्टोबरात हरभऱ्याबरोबर किंवा गव्हाच्या कडेने जवसाचे तास टाकावयाचे, आणि पुढे त्याकडे फारसे पाहावयाचे नाही. पाणी देण्याची सोय नसली तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते वाढे. थंडी पडली की त्याला निळी फुले येत. ती सकाळी उमलत आणि दुपारपर्यंत त्यांच्या पाकळ्या गळून पडत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडे वाळली की पीक घरी येई. त्यातले काही तेल्याच्या लाकडी घाण्यावर जाई. तेल घरात, ढेप बैलांपुढे, आणि उरलेले दाणे भाजून चटणीसाठी, अशी त्याची वाटणी ठरलेली असे. भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि तीवर थोडे तेल, हे जेवण गरिबाचे म्हणून ओळखले जाई. त्या गरिबाच्या जेवणात पुढे शास्त्रज्ञांनी मोठ्या कष्टाने शोधून काढलेला पदार्थ होता, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

जवसाला खरे महत्त्व आले ते खाण्यासाठी नव्हे, तर व्यापारामुळे. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि मध्य प्रांताचे जवस बैलगाड्यांवरून उतरून रेल्वेच्या डब्यांत चढू लागले. तेथून ते मुंबई बंदरावर व मुंबईहून युरोपात जाई. युरोपला हे तेल खावयाचे नव्हते. जवसाचे तेल पातळ थरात पसरून हवेत ठेवले की ते वाळते व त्याची चिवट, पारदर्शक साय बनते. म्हणून रंग, रोगण व छापखान्याची शाई ह्यांसाठी ते पाहिजे असे. १८६० नंतरच्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन ह्या इंग्रजाने ह्याच वाळलेल्या तेलापासून लिनोलियम हे जमिनीवर अंथरावयाचे आवरण तयार केले, आणि जवसाची मागणी आणखी वाढली. नागपूरच्या मुलखातील काळ्या जमिनीने पोसलेले तेल अशा रीतीने लंडनच्या घरांच्या दारांना व जमिनींना लागले.

तेल वाळते म्हणजे काय होते? पाणी वाळते तेव्हा ते उडून जाते. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू ओढून घेते आणि त्याचे कण एकमेकांशी जखडले जातात. हा गुण त्यातील लिनोलेनिक नावाच्या मेदाम्लाचा. ह्याच मेदाम्लाचा दुसरा गुण असा की ते थंडीत थिजत नाही. आणि तिसरा गुण, जो सर्वांत उशिरा कळला, तो असा की ते मनुष्याच्या शरीराला आवश्यक असूनही शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. एकाच पदार्थाच्या ह्या तीन गुणांचा शोध तीन निरनिराळ्या ठिकाणी, तीन निरनिराळ्या हेतूंनी लागला.

ह्याचे कारण समजावयास थोडे रसायनशास्त्र पुरते. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. साखळीतील सगळे दुवे एकेरी असले की ती सरळ काडीसारखी राहते, आणि सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते. म्हणून अशा मेदाम्लांचे तूप किंवा चरबी घट्ट होते. अठरा कार्बनांचे स्टिअरिक आम्ल हे असे आहे. ते ६९ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच अठरा कार्बनांच्या साखळीत एक दुवा दुहेरी झाला की तेथे साखळीला बाक येतो. हे ओलेइक आम्ल. त्याचा वितळण्याचा अंश एकदम १३ वर येतो. दोन दुवे दुहेरी झाले की लिनोलेइक आम्ल. ते शून्याखाली ५ अंशांवर वितळते. तीन झाले की लिनोलेनिक. ते शून्याखाली ११ अंशांवर. वाकड्यातिकड्या काट्यांची मोळी जशी बसत नाही, तशी ही आम्लेही एकत्र घट्ट बसत नाहीत. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग ह्या तीन बाकांच्या आम्लाचा असतो, तर खोबरेल तेलात बहुतेक सगळ्या सरळ काड्याच. पांढुर्ण्याच्या फडताळातील कोडे येथे सुटते.

परंतु एक कोडे सुटताच दुसरे उभे राहते. सगळ्या जवसाच्या तेलात हे आम्ल सारखेच असते काय? व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते की, तसे ते नसते. उत्तरेकडील थंड प्रदेशाचे तेल लवकर वाळते आणि उष्ण प्रदेशाचे उशिरा. विसाव्या शतकाच्या आरंभी इवानोव नावाच्या रशियन संशोधकाने ह्या अनुभवाला शास्त्राचा आधार दिला. रशियाचा विस्तार एवढा मोठा की एकच पीक बर्फाळ उत्तरेतही होते आणि उबदार दक्षिणेतही. ठिकठिकाणच्या तेलांचे पृथक्करण करता उत्तरेच्या जवसात दुहेरी दुवे अधिक व दक्षिणेच्या जवसात कमी, असे त्यास आढळले. वाण तेच असले तरी हवा बदलली की तेल बदलते, हा विचार येथून पुढे रूढ झाला.

त्याच सुमारास हिंदुस्थानातही जवसाचा कसून अभ्यास चालू होता. बिहारमधील पुसा येथे गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान ह्यांनी देशभरातून जवसाचे नमुने गोळा करून १९२४ साली त्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवस आणि दक्षिणेच्या काळ्या जमिनीतील जवस ह्यांत स्पष्ट फरक दिसला. गंगेकाठच्या झाडाची मुळे वरच्या थरात पसरतात आणि दाणा बारीक असतो. काळ्या जमिनीतील झाड मुळे खोल नेते आणि त्याचा दाणा टपोरा असतो. ह्याचे कारण काळी जमीन पाहिलेल्या कोणासही कळेल. ही जमीन थंडी सरता सरता फाटू लागते, वरची ओल उडते, आणि ज्या झाडाचे मूळ खाली गेलेले असते तेच दाणा भरेपर्यंत टिकते. शतकानुशतके ज्या जमिनीत राहावयाचे तिच्यासारखे होणे, हे जवसाने पिढ्यान्‌पिढ्या केले. इवानोवने दाखविले ते ह्याहून वेगळे होते. एकाच पिढीत, एकाच हंगामात, त्या वर्षीच्या थंडीप्रमाणे जवस आपले तेल बदलू शकते, असे त्याचे म्हणणे होते.

ह्याचा निर्णायक पुरावा पुढे कॅनडात मिळाला. शेतात थंडीबरोबर पाऊस, ऊन, जमीन असे सगळेच बदलते. त्यामुळे परिणाम नेमका कशाचा हे सांगता येत नाही. कॅन्व्हिन ह्या संशोधकाने निरनिराळी तेलबियांची झाडे बंद खोल्यांत, १० अंशांपासून २६.५ अंशांपर्यंतच्या ठराविक तापमानांत वाढविली आणि १९६५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवस, सूर्यफूल व मोहरीच्या जातीची रेप ह्यांच्यात थंड खोलीतील तेलात दुहेरी दुवे अधिक आणि उबदार खोलीतील तेलात कमी निघाले. मात्र करडई व एरंडी ह्यांच्यावर ह्या फरकाचा परिणाम दिसला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. करडई हेही आपल्याच काळ्या जमिनीचे, त्याच रब्बी हंगामाचे पीक. पण तिचे तेल हवेशी जुळवून घेत नाही, आणि जवसाचे घेते. निसर्गाचे नियम सरसकट नसतात, हे ह्या उदाहरणावरून कळते.

वनस्पतीने असे का करावे? प्रत्येक पेशीला मेदाचे बनलेले एक पातळ आवरण असते. ते आवरण लवचिक व काहीसे प्रवाही राहिले तरच पेशीचा व्यवहार चालतो. थंडी पडली आणि आवरण तुपासारखे थिजले तर पेशी मरते. म्हणून थंडी वाढू लागली की पेशीतील विशिष्ट विकरे साखळ्यांत आणखी दुहेरी दुवे घालतात, आणि आवरण पुन्हा सैल होते. माणसाने थंडीत घोंगडी काढावी तशी वनस्पती थंडीत आपला मेद बदलते. जवसाच्या दाण्यातील तेल हा अन्नसाठा असला तरी तेथेही हीच विकरे काम करतात, म्हणून त्या तेलावरही थंडीचा ठसा उमटतो.

हे कौशल्य जवसाने शोधलेले नाही. पालकाच्या, गवताच्या, कोणत्याही हिरव्या पानाच्या पेशीत, जेथे सूर्यप्रकाश पकडला जातो तेथील पडद्यांत लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. ही हिरवी यंत्रणा जमिनीवरील वनस्पतींना त्यांच्या अतिप्राचीन पाण्यातील पूर्वजांकडून, म्हणजे शेवाळांकडून, वारशाने मिळाली. तेलाचा हा इतिहास मागे नेत गेले की आपण शेतातून तळ्यात येऊन पोचतो. पावसाळ्यानंतर डबक्याचे पाणी हिरवे होते. त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात हजारो एकपेशीय जीव दिसतात. तेच सूक्ष्मशैवाल.

ह्या जीवांपैकी क्लोरेला हे हॉलंडच्या बायरिंक ह्या शास्त्रज्ञाने १८९० साली इतरांपासून वेगळे करून वाढविले. वाढविण्यास सोपे म्हणून ते प्रयोगशाळांचे लाडके झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला तेव्हा हार्डर व फॉन विच ह्यांनी सूक्ष्म शैवालांपासून मेद मिळविता येईल काय, ह्याचा विचार सुरू केला. युद्ध संपल्यावर, १९४९ साली, कॅलिफोर्नियात कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेतील स्पोअर व मिलनर ह्यांनी क्लोरेलावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तेच शैवाल. केवळ वाढीची परिस्थिती बदलीत गेल्यावर त्याच्या सुक्या वजनात मेदाचे प्रमाण ४.५ टक्क्यांपासून ८५.६ टक्क्यांपर्यंत पोचू शकते, असे त्यांनी दाखविले. एकाच जीवाच्या अंगी एवढा बदल घडविता येतो, ही गोष्ट त्या काळी चकित करणारी होती.

हा बदल त्यांनी घडविला तो उपासाने. पाण्यातील नत्र संपविले की शैवालास प्रथिने तयार करता येत नाहीत व त्याच्या पेशी विभागत नाहीत. परंतु प्रकाश मिळतच असतो आणि कार्बन पकडला जातच असतो. त्या कार्बनचे करावयाचे काय? शैवाल त्याचा मेद करून साठविते. पुढचे दिवस कठीण आहेत असे ओळखून घरधनी कोठार भरून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र ह्या उपासाची किंमत दुहेरी असते. पहिली अशी की, वाढ थांबल्याने एकेका पेशीत तेल वाढले तरी तळ्यातून निघणारे एकंदर तेल अपेक्षेइतके वाढत नाही. दुसरी अशी की, उपासात साठविलेला मेद बहुधा सरळ किंवा एका बाकाच्या साखळ्यांचा असतो. तीन, पाच व सहा बाकांची मौल्यवान आम्ले त्यात प्रमाणाने कमी पडतात. ती आम्ले शैवालाच्या कामकरी पडद्यांत असतात, कोठारात नव्हे. थंडी आणि मंद प्रकाश ह्यांनी ती अनेक जातींत वाढतात, उपासाने घटतात. थोडक्यात, तेलाचे प्रमाण वाढवावयाचे असेल तर एक रीत, आणि तेलाचा गुण वाढवावयाचा असेल तर दुसरी. दोन्ही एकदम साधणे कठीण.

हा भेद उमजावयास बराच खर्च झाला. १९७३ नंतर खनिज तेल महागले तेव्हा अमेरिकेने शैवालापासून इंधन काढण्याची मोठी योजना हाती घेतली. १९७८ पासून १९९६ पर्यंत ती चालली व अखेर बंद झाली. उपाशी शैवाल तेलाने भरते, पण वाढत नाही, ही तिच्यापुढील मुख्य अडचणींपैकी एक होती.

गुणाची कहाणी मात्र निराळ्या वाटेने पुढे सरकली. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे जॉर्ज व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्याने उंदरांना मेदविरहित अन्नावर ठेवून पाहिले. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीच्या कातडीवर खवले धरले, आणि पुढे ते मेले. काही थेंब योग्य तेल देताच ते सुधारले. मेद म्हणजे केवळ जळण नव्हे. काही मेदाम्ले जीवनसत्त्वांइतकीच आवश्यक आहेत, हे त्या दिवसापासून मान्य झाले. १९७० साली बांग व डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर गेले. तेथील लोक सील व मासे खात, आणि त्यांच्या रक्तातील मेदात पाच-सहा बाकांची लांब आम्ले भरपूर आढळली. हृदयविकाराविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. परंतु ओमेगा-३ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या आम्लांकडे जगाचे लक्ष वळले ते तेथूनच. ह्यांपैकी डीएचए हे आम्ल मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात विशेष प्रमाणात असते.

मासा ही आम्ले मुख्यतः स्वतः तयार करीत नाही. तो लहान जीव खातो, ते जीव सूक्ष्मशैवाल खातात, आणि तेल तेथून वर चढत येते. हे कळल्यावर माशाला वगळून थेट शैवालाकडे जाणे क्रमप्राप्तच होते. २००२ च्या सुमारास अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत शैवालाचे डीएचए मिसळून विकण्यास सुरुवात झाली. गंमत अशी की, ज्या जातीपासून ते काढले ती बंद टाक्यांत, अंधारात, साखरेवर वाढवितात. वाढविण्याच्या परिस्थितीवर किती गोष्टी अवलंबून असतात, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल. परंतु जवळही त्याची साक्ष आहे. पांढुर्ण्याचा रोजचा संबंध ज्या नागपूरशी, तेथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ ह्या नावाने ओळखली जाते. सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून उन्हात ठेवावयाचे, त्यात वाढणाऱ्या शैवालाने प्राणवायू सोडावयाचा आणि जिवाणूंनी त्या प्राणवायूवर घाण कुजवावयाची, ह्या पद्धतीचा हिंदी हवामानात अभ्यास ह्या संस्थेने केला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे तर निसर्गाने मांडलेले शैवालाचे पात्रच आहे. उल्कापाताने झालेल्या त्या खड्ड्यातील पाणी इतके क्षारयुक्त की सामान्य शैवालास तेथे थारा नाही. पण स्पिरुलिना ह्या मळसूत्री नीलहरित शैवालास ते मानवते. ह्या स्पिरुलिनात तीन बाकांचे, परंतु बाकांची जागा बदललेले, गॅमा-लिनोलेनिक आम्ल असल्याचे निकल्स व वुड ह्यांनी १९६८ साली दाखविले. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याची आघारकर संस्था व नीरी ह्यांनी तपास केला तेव्हा असे दिसले की, पाणी आटून खारेपणा वाढला आणि क्षारात राहणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले. पाणी तेच, खड्डा तोच. क्षार वाढताच त्यातील वस्ती बदलली.

आता पुन्हा सौंसरकडे वळावयास हरकत नाही. ज्या तेलाचा एवढा इतिहास, ते पीक येथून जवळजवळ दिसेनासे झाले आहे. कृत्रिम रंग आले, लिनोलियमची जागा इतर आवरणांनी घेतली, आणि परदेशी मागणी मंदावली. सोयाबीन, कापूस व संत्री ह्यांनी शेतकऱ्याला अधिक पैसा दिला. शेंगदाणा, सोयाबीन व सूर्यफुलाच्या स्वच्छ, वास नसलेल्या तेलापुढे घाण्याचे उग्र वासाचे तेल मागे पडले. एकेकाळी देशात सुमारे वीस लाख हेक्टर जमीन जवसाखाली असे. आज तिचा पाचवा हिस्साही उरलेला नाही. ह्यासाठी शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. कर्ज फेडणाऱ्याने चटणीसाठी शेत राखावे, असे सांगणे दुसऱ्यास सोपे असते.

तथापि, एक हानी हिशेबात धरली गेली नाही. आपल्याकडे बहुतेक प्रचलित तेलांत ओमेगा-३ जवळजवळ नसते किंवा अल्प असते. बाजारात त्याच्या गोळ्या महाग मिळतात, आणि ज्या गावात कधीकाळी ते ढेपेबरोबर बैलालाही मिळे, त्या गावातील माणूस आता त्या गोळ्या विकत घेतो. येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. जवसाचे लिनोलेनिक आम्ल आणि माशाचे किंवा शैवालाचे डीएचए ही एकच नव्हेत. आपले शरीर पहिल्यापासून दुसरे बनविते, पण फारच थोडे. म्हणून जवस हे सर्व रोगांवरील औषध नाही. ते एक आवश्यक अन्न आहे, आणि स्वस्त आहे, एवढेच खरे. परंतु एवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट हवेची. जवसाचा दाणा भरतो तो थंडी सरताना. पेरणी लांबली की दाणा भरण्याची वेळ उन्हात सापडते. तेल घटते, आणि त्यातील लिनोलेनिक आम्लही घटते. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातील दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत अधिक ठरली. असे फेब्रुवारी वारंवार येऊ लागले तर वाण जुने, शेत जुने आणि तेल मात्र निराळे, अशी स्थिती होईल. समुद्रातही हेच घडण्याचा संभव आहे. हिक्सन व आर्ट्स ह्यांनी २०१६ साली केलेल्या गणितावरून, पाणी तापले की सूक्ष्मशैवालातील लांब ओमेगा-३ आम्लांचे उत्पादन घटेल, असे दिसते. म्हणजे सौंसरच्या शेतातील दाणा आणि दूरच्या सागरातील अदृश्य पेशी ह्यांना एकच झळ लागत आहे; कारण दोघांजवळ थंडीला उत्तर देण्याची एकच जुनी विद्या आहे, आणि थंडी नसेल तर ती विद्या वापरावयाचे त्यांना कारण उरत नाही.

मग करावयाचे काय? ज्याच्याजवळ रब्बीची थोडी कोरडवाहू जमीन आहे त्याने हरभऱ्यात चार तास जवसाचे टाकावेत, आणि ते पाऊस उघडताच, वेळेवर टाकावेत. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर काम होत आले आहे. ह्या मुलखाची हवा व जमीन त्याहून फार वेगळी नाही. घरात तेल आणावयाचे तर ते थोडे थोडे, ताजे आणावे. कारण जो दुहेरी दुवा रोगण वाळवितो तोच तेल खवटही करतो. त्या तेलात तळण करू नये; ते भाकरीवर किंवा चटणीवर कच्चेच घ्यावे. दाणे अख्खे ठेवावेत व लागतील तसे भाजून कुटावेत. ह्यातले काहीही नवे नाही. घाण्यावरून आठवड्यापुरते तेल आणणाऱ्या आणि चटणी ताजी कुटणाऱ्या बायकांना हे ठाऊक होते. त्यांना कारण ठाऊक नव्हते. रीत ठाऊक होती. शास्त्राने आता कारण दिले आहे. रीत मात्र तेवढ्यात हातची जाऊ पाहत आहे.

पौषातल्या पहाटे फडताळातील ती दुसरी बाटली अजूनही थिजत नाही. ज्या घरी ती आहे त्या घराने ती जपावी, आणि ज्या शेताच्या कडेला अजून सकाळी निळी फुले उमलतात त्या शेताकडे जाणाऱ्यायेणाऱ्याने क्षणभर थांबून पाहावे. दुपारपर्यंत ती गळून पडलेली असतील. परंतु त्यांच्यामागे जो दाणा धरेल, त्यात त्या हिवाळ्याची नोंद राहील.